सव्वादोन एमएल हवा: मामांच्या गाडीच्या क्लचची पूर्ण केस

आधी गाडीबद्दल. मामांची गाडी २०१२ची डिझेल, आठ सीटर, १ लाख ४१ हजार किलोमीटर झालेली, घेतल्यापासून एकट्या मामांच्याच हातात. कंपनीचं नाव घेत नाही कारण यात कंपनीचा काही दोष नाहीये, आणि ज्या दोन गॅरेजवाल्यांचा उल्लेख येईल त्यांचंही नाव घेत नाही. मी स्वतः भोसरीत मशीन मेंटेनन्सला आहे, हायड्रॉलिक प्रेसची कामं रोजची, गाड्यांची नाहीत. पण तेल, सील आणि हवा यांचे नियम प्रेसला आणि गाडीला सारखेच लागतात, म्हणून हे सगळं मापांसकट लिहून ठेवतोय. कारण या केसमध्ये गिअरबॉक्स खाली उतरवायची तयारी झाली होती आणि गिअरबॉक्सला काहीही झालेलं नव्हतं.

तर झालं असं की मागच्या ऑगस्टमधला रविवार, पाऊस नुसता भुरभुरत होता, आणि मामा-मामी पाहुण्यांना घेऊन सिंहगडावर गेले. पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगडचा घाट म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको, पहिला गिअर, हाफ क्लच, दहा फूट पुढे, ब्रेक, परत तेच, असं तासभर. चढतानाच पेडल जरा मऊ लागतंय असं मामांना वाटलं होतं पण पाहुणे बरोबर, गप्पा चालू, सोडून दिलं. उतरताना एका वळणावर दुसऱ्यातून पहिला टाकायला क्लच दाबला आणि पेडल खालीच बसलं, वर आलंच नाही. ब्रेक मात्र ठणठणीत. मामांनी बाजूला घेऊन गाडी थांबवली, पायाच्या पंज्याने पेडल मागून उचललं, पाच-सहा वेळा मारलं, तेव्हा कुठे गिअर पडला, आणि मग खडकवासला, नांदेड फाटा, सिंहगड रोडचं ट्रॅफिक असं दर सिग्नलला पेडल पंप करत रात्री धनकवडीत पोचले.

क्लच गेला पण ब्रेक राहिले याचं कारण साधं आहे आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं. या गाडीत क्लचला वेगळी डबी नाही, ब्रेक ऑइलची जी डबी बॉनेटखाली आहे त्यातूनच एक रबरी नळी क्लचच्या वरच्या सिलिंडरला जाते (पेडल दाबलं की पाइपमधून खाली तेल ढकलतो तो). ही नळी डबीच्या तळातून निघत नाही, बाजूने, वरच्या अंगाला निघते. म्हणजे तेल कमी होत गेलं की आधी क्लचची नळी उघडी पडते आणि तिच्यात हवा शिरते, खाली उरलेलं तेल ब्रेकसाठी राहतं. हे मुद्दाम तसं केलेलं असतं. त्यामुळे अशा गाडीत क्लच अचानक मऊ पडला तर पहिलं बॉनेट उघडून डबीची पातळी बघायची, कारण तो ब्रेकचाही इशारा आहे.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या गॅरेजवाल्याने डबी बघितली, तेल खाली गेलेलं, वरून भरलं, पेडल दहा-बारा वेळा मारलं, पेडल वर आलं, झालं काम. पैसेही घेतले नाहीत बिचाऱ्याने. पण तेल गेलं कुठे हे ना त्याने विचारलं ना मामांनी. क्लचची लाइन बंद असते, तेल जळत नाही, उडून जात नाही. कमी झालं म्हणजे कुठूनतरी बाहेर गेलंय. ब्रेकच्या बाजूला पॅड झिजले की पातळी थोडी खाली येते हे खरं, पण मिनिममच्या रेघेखाली जाईल इतकी नाही.

आठ दिवसांनी परत तेच. या वेळी कात्रज चौकाच्या सिग्नलला, मागे पीएमपीची बस, पुढे ट्रक, आणि गिअर पडेना. मग मामा दुसऱ्या, मोठ्या गॅरेजला गेले. तिथे वरचा सिलिंडर बदलला, म्हणजे पेडलच्या समोर फायरवॉलवर असतो तो मास्टर सिलिंडर, नवीन तेल घातलं, एअर काढली, म्हणजे लाइनमध्ये अडकलेली हवा सोडली, गाडी दिली. संध्याकाळी पेडल छान. सकाळी गाडी काढताना पहिल्या दाबात पेडल अर्ध्यापर्यंत नुसतंच गेलं आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र. चार वेळा पंप केलं की नीट. असं तीनदा गाडी परत नेली, तीनदा त्यांनी एअर काढली, आणि तिसऱ्या वेळी सांगितलं की काका, सिलिंडर नवीन आहे, एअर काढलीय, आता क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटच गेलीय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

मामांनी मला फोन केला तेव्हा ते पैशाला तयार होते, त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की नाना पेठेतून, म्हणजे पुण्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून, प्लेटचा सेट स्वतः आणला तर स्वस्त पडेल का. मी म्हटलं, "मामा, दोन दिवस थांबा, रविवारी येतो मी, तोपर्यंत गाडी काढू नका." ते म्हणाले, "अरे पण ते रोज हेच काम करतात, त्यांना कळत नसेल का?" कळत असेल, पण एक गोष्ट मला पटत नव्हती. पंप केल्यावर सुधारतंय. प्लेट खराब झाली असेल तर पंप केल्याने ती बरी कशी होईल?

इथे जरा थांबतो, कारण क्लच स्लिप होणं आणि क्लच न सुटणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि गॅरेजमध्ये दोघांनाही "क्लच गेला" म्हणतात. प्लेट झिजली की क्लच पकडत नाही. चौथ्या गिअरला चाळीसच्या स्पीडला दाबून ॲक्सिलरेटर द्या, इंजिनचा आवाज चढतो पण गाडी उचलत नाही, घाटात जळका वास येतो. मामांच्या गाडीत यातलं काही नव्हतं, बायपासला ट्रक ओव्हरटेक करताना गाडी सरळ उचलायची. त्यांचा आजार उलटा, पेडल दाबूनही प्लेट पूर्ण सुटत नव्हती. म्हणून रिव्हर्सला कर्रर्र, कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी रिंग) नसतो, पुढचे गिअर सिंक्रोमुळे ओढून-ताणून पडतात पण रिव्हर्स लगेच ओरडतो. न सुटण्याचीही कारणं आतली असू शकतात, प्रेशर प्लेटच्या पाकळ्या, वाकलेला फोर्क (क्लच सोडवणारा आतला दांडा), अडकलेली प्लेट, पण तेव्हा पेडल एकदा दाबलं काय आणि दहादा दाबलं काय, फरक पडत नाही.

रविवारी सकाळी गेलो. पाऊस चालू. सोसायटीत छताखाली कोरडी जागा म्हणजे पार्किंगमध्ये उतरणारा ढाळ, तिथे गाडी तोंड खाली करून उभी केली, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल आणि चाकांना पुढून दगड. गाडी उंच असल्यामुळे जॅक न लावता खाली शिरता येत होतं. ही ढाळाची जागा पुढे नडली, ते येईलच.

काही खोलण्याआधी मी माप घेतलं, आणि माझ्या मते या सगळ्या केसमधलं सगळ्यात कामाचं काम तेच होतं. गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगला, म्हणजे क्लचवरच्या कवचाला, बाहेरून खालचा सिलिंडर बसवलेला असतो, स्लेव्ह सिलिंडर, त्याचा रॉड फोर्कला ढकलतो. त्या रॉडवर पांढऱ्या व्हाइटनरने एक रेघ मारली आणि शेजारी सहा इंची स्टील पट्टी धरली. मामेभाऊ पेडलवर. "दाब." पहिल्या दाबात रॉड सरकला ९ मिमी. मग त्याला सहा वेळा भराभर पंप करायला लावून सातव्यांदा धरायला सांगितलं, १४ मिमी. पाच मिनिटं तसंच सोडून परत एकदा, परत ९.

आता किती सरकायला हवा होता? मामांनी जुना काढलेला वरचा सिलिंडर गॅरेजवाल्याकडून मागून घेतला होता, ही त्यांची सवय फार चांगली आहे, बदललेला पार्ट पिशवीत घालून घरी आणायचा. व्हर्निअरने त्याचा बोअर, म्हणजे आतला व्यास, १५.९ मिमी आला. खालच्याचा, नंतर काढल्यावर मोजला, २०.६. पेडलपाशी आडवं पडून वरच्या रॉडचा स्ट्रोक मोजला, २८ मिमी, त्यातला पहिला दीडेक मिमी डबीकडे उघडणारं आतलं बारीक भोक बंद करण्यात जातो. क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढलं तर उरलेल्या साडेसव्वीसचे खाली साधारण पावणेसोळा मिमी व्हायला हवेत. होत होते ९. हा फरक खालच्या बोअरच्या हिशोबाने सव्वादोन एमएल तेलाचा. पायाचा जोर १० किलो धरला, पेडलची लिव्हर पाचपट, तर वरच्या पिस्टनवर ५० किलो येतात आणि लाइनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोचं प्रेशर होतं. एवढ्या प्रेशरला हवा दाबून जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे लाइनमध्ये सव्वादोन एमएलच्या आसपास हवा, चहाच्या चमच्यात अर्धासुद्धा भरणार नाही इतकी. तेवढ्यापायी गिअरबॉक्स उतरणार होता.

पंप केल्यावर सुधारतं ते का, तर भराभर पेडल सोडलं की वरचा पिस्टन पटकन मागे येतो, खालचं तेल तितक्या वेगाने परत येत नाही, मग वरचा सिलिंडर डबीतून थोडं जास्तीचं तेल आत ओढतो आणि पुढच्या दाबाला ते जास्तीचं तेल हवेची जागा भरून काढतं. पेडल सोडून ठेवलं की ते हळूहळू डबीत परत जातं. म्हणून सकाळी पहिला दाब खराब.

अजून एक तपासलं, पेडल पूर्ण दाबून दोन मिनिटं धरायला लावलं आणि पट्टीवर नजर ठेवली. रॉड जागचा हलला नाही. वरचा सिलिंडर आतून तेल सोडत असता तर रॉड हळूहळू मागे आला असता. म्हणजे गॅरेजवाल्याने घातलेला सिलिंडर चांगला होता, त्याचं काम खोटं नव्हतं, अर्धवट होतं.

मग प्रश्न एकच, तीनदा काढूनही हवा येते कुठून.

खालच्या सिलिंडरच्या तोंडावर रबरी बूट असतो. तो बोटाने मागे सरकवला आणि आतून काळपट चिकट ओल निघाली, थेंब नाही, ओल, बुटाच्या घड्यांमध्ये गाळासारखी साठलेली. जमिनीवर डाग पडत नव्हता कारण सगळं त्या बुटातच मुरत होतं आणि थोडंथोडं मातीत मिसळून वाळत होतं. पिस्टनवरचं रबरी वॉशर ओठासारखं असतं, प्रेशर आलं की त्याचा ओठ बोअरवर दाबून बसतो आणि तेल अडवतो, पण पेडल झटकन सोडलं की लाइनमध्ये क्षणभर ओढ तयार होते, आणि ओठ झिजलेला असेल, बोअर खरबरीत असेल, तर तो बाहेरची हवा आत घेतो. म्हणजे बाहेर तेल फारसं दिसत नाही आणि आत हवा मात्र येत राहते. तीनदा एअर काढली ती निघालीही असेल, दोन दिवसांत परत भरत होती.

दोन बोल्ट, चौदाचा पाना, सिलिंडर हातात आला. पिस्टन काढला तर बोअरच्या खालच्या बाजूला गंजाचे खड्डे, नखाला लागतील इतके. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्याचा स्वभावच तो, आणि क्लचच्या लाइनचं टोक म्हणजे हा खालचा सिलिंडर, तिथून तेल पुढे कुठे जातच नाही. मामा सांगत होते की ब्रेक ऑइल दर दोन-तीन वर्षांनी बदललंय, बिलं आहेत. बदललं असणारच, पण ते चार चाकांच्या निप्पलमधून, म्हणजे तेल आणि हवा सोडायच्या स्क्रूमधून. क्लचच्या निप्पलला कोणी पाना लावल्याची खूण नव्हती, वरचा सिलिंडर बदलण्याआधीपर्यंत तरी. डबी एकच असली तरी क्लचच्या फांदीतलं तेल ब्रेकच्या सर्व्हिसमध्ये हलत नाही, ते इथून मुद्दाम सोडावं लागतं. माझ्या अंदाजाने त्या सिलिंडरच्या तळाला २०१२चंच तेल होतं.

खड्डे पडलेल्या बोअरमध्ये नुसतं किट, म्हणजे नवीन रबरं, टाकायला मी नाही म्हटलं. मामांचा आग्रह होता की किट शंभर-दोनशेत येतं. येतं, पण नवीन वॉशरचा ओठ त्याच खड्ड्यांवर घासणार, सहा महिन्यांत परत इथेच. बोअर आरशासारखा असेल तर किट, नाहीतर पूर्ण सिलिंडर. सोमवारी सुट्टी टाकून नाना पेठेत गेलो, जुना नमुना बरोबर नेला, दोन दुकानं फिरून तसाच मिळाला, शिवाय डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली आणि दोन फूट पारदर्शक नळी.

तेलावरून मामांशी थोडी वादावादी झाली. त्यांच्याकडे माळ्यावर अर्धी बाटली होती, दोन वर्षांपूर्वी उघडलेली, टोपण घट्ट लावलेलं. "अरे तेच तर तेल आहे, कशाला नवीन फोडतोस?" उघडलेली बाटली पुण्याच्या दोन पावसाळ्यांत माळ्यावर राहिली तर तिने ओलावा घेतलेला असतो. डॉट ४चा उकळबिंदू ताज्या तेलाला किमान २३० अंश लागतो, ओलावा मुरल्यावरच्या चाचणीत तोच १५५ पर्यंत चालतो, एवढा फरक नुसत्या पाण्याने पडतो. घाटात हाफ क्लचवर तासभर रांगताना खालचा सिलिंडर गरम बेल हाउसिंगला चिकटून असतो. ती बाटली मी बाजूला ठेवायला लावली. आणि एक, डबीच्या टोपणावर जे लिहिलंय तेच घालायचं. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकून जरी पडलं तरी आतली रबरं फुगतात आणि मग क्लच-ब्रेक दोन्हीची रबरं बदलत बसावं लागतं.

नवीन सिलिंडर बसवला, पाइप जोडला, गाडी त्याच ढाळावर. निप्पलवर आधी रिंग पाना चढवला, त्यावरून पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत तेलाच्या खाली बुडवलेलं. ओपन पाना लावू नका, जुना निप्पल गोल होतो आणि मग फार त्रास. मामी डबीवर लक्ष ठेवायला, मामेभाऊ पेडलवर, मी खाली. भाषा आधी ठरवून घेतली: "दाब" म्हटलं की हळू दाबून तळाला धरायचं आणि "दाबलंय" म्हणायचं, मी निप्पल पाव फेरा सोडणार, तेल येणार, मी निप्पल बंद करून "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. सगळी गंमत या "सोड" मध्ये आहे. निप्पल उघडा असताना पाय अर्धा इंच जरी वर आला तरी लाइन आट्यांमधून हवा ओढते, आणि खाली पडलेल्याला ते कळतही नाही. पहिले चार-पाच वेळा पेडल आपोआप वर येत नव्हतं, मामेभाऊ हाताने उचलत होता.

नळीत पहिलं आलं ते कोऱ्या चहासारखं काळपट तेल, त्यात रबराची काळी पूड. मग तपकिरी. मग फेसासारखे बारीक बुडबुडे, मधेच एक मोठा ढेकर, परत तेल. दर पाच दाबांनी मामी डबी भरत होत्या, पातळी क्लचच्या नळीच्या वर ठेवायची हे त्यांना एकदाच सांगितलं आणि त्यांनी ती एकदाही खाली जाऊ दिली नाही, एका दाबाला पाच-साडेपाच एमएल तेल जातं, तेव्हा हे काम वाटतं तितकं सोपं नाहीये. एक थेंब फेंडरवर सांडला तो त्यांनी लगेच पाण्याने धुतला, हे तेल रंग खातं आणि नुसतं पुसून भागत नाही. पंचवीसेक दाबांनंतर नळीत मधासारखं स्वच्छ तेल, बुडबुडा नाही. निप्पल बंद. पेडल हाताला बरं लागत होतं. मामा म्हणाले, "झालं की रे, चहा घे आता."

पट्टी लावली. पहिला दाब, साडेबारा मिमी.

नळीत बुडबुडा नाही आणि तरी एक एमएलच्यावर हवा आत. दुसऱ्या गॅरेजमध्ये नेमकं इथेच थांबले असणार, कारण नळी स्वच्छ दिसली की काम झालं असं कोणालाही वाटेल. मी परत दहा दाब मारले, नळीत एक बुडबुडा नाही, माप तेच. पंधरा मिनिटं नुसता सिलिंडरकडे बघत पडलो होतो. मग लक्षात आलं. या गाडीत खालचा सिलिंडर लांबीला गाडीच्या दिशेने बसतो, बंद टोक पुढे, रॉडचं तोंड मागे, आणि निप्पल बंद टोकाजवळ, वरच्या अंगाला. सपाट जमिनीवर निप्पल सगळ्यात उंच. पण आपली गाडी ढाळावर तोंड खाली करून उभी, म्हणजे बंद टोक खाली गेलं आणि रॉडकडचं टोक वर आलं. हवा वर जाते, ती वॉशरपाशी जाऊन बसली, आणि तेल तिच्या खालून निप्पलने निघून येत होतं. हजार वेळा पेडल मारलं असतं तरी ती हलली नसती. पावसामुळे ती जागा मी निवडली होती आणि सुरुवातीला पातळीचा विचारच केला नाही, ही माझी चूक.

पावसात गाडी रस्त्यावर काढण्यापेक्षा मी दुसरा मार्ग घेतला. सिलिंडरचे दोन बोल्ट काढले, पाइप तसाच जोडलेला ठेवून सिलिंडर हातात घेतला. मामेभावाला गाडीतून खाली उतरवला, कारण सिलिंडर मोकळा असताना कोणी पेडल दाबलं तर पिस्टन उडून बाहेर येतो आणि सगळं पहिल्यापासून. सिलिंडर असा धरला की रॉडचं तोंड खाली आणि पाइप जोडलेलं टोक सगळ्यात वर. मग रॉड दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू आत दाबत गेलो, अगदी हळू, पूर्ण आत जायला दहा-बारा सेकंद. आतलं तेल आणि हवा पाइपमधून वर, वरच्या सिलिंडरमधून डबीत. मामी वरून ओरडल्या, "अगं बाई, आला बुडबुडा!" रॉड हळू सोडला, सिलिंडरवर दोन टिचक्या मारल्या, परत दाबला. "आणखी एक. मोठा होता." तिसऱ्यांदा बारीक दोन. चौथ्यांदा आणि पाचव्यांदा नुसतं तेल हललं.

हे होण्यासाठी वरच्या सिलिंडरचं ते बारीक भोक उघडं असावं लागतं, म्हणजे पेडल पूर्ण वर आणि त्याच्या रॉडला थोडी मोकळीक. रॉड घट्ट लावलेला असेल तर भोक बंद राहतं, हवा डबीपर्यंत पोचत नाही, आणि पुढे गाडी गरम झाल्यावर फुगलेलं तेलही परत जाऊ शकत नाही, मग क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि खरोखर स्लिप व्हायला लागतो. मी पेडल हाताने दाबून बघितलं, पॅडपाशी आठेक मिमी मोकळं हलत होतं, ठीक होतं.

इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने खालच्या निप्पलमधून तेल वर ढकलण्याची पद्धतही चांगली आहे, हवेला तिच्या स्वाभाविक दिशेने घालवते, पण डबी ब्रेकशी सामाईक असताना लाइनमधला काळा गाळ वर डबीत पाठवायला माझं मन घेत नाही. आधी खालून सगळं घाण तेल काढून टाकलंय, मगच वर ढकलायचं. आणि ज्यांच्या गाडीत सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो त्यांना हे अंगठ्यांचं काम करताच येत नाही, तिथे निप्पल, धीर आणि हळू पेडल एवढंच, आणि तो सिलिंडर गळला तर मात्र गिअरबॉक्स खरंच उतरतो.

बोल्ट परत लावले, बुटात ग्रीस नाही, काही नाही, कोरडा. मामेभाऊ पेडलवर. पहिला दाब साडेपंधरा. पंप करून सातवा दाब, साडेपंधराच. दोन मिनिटं धरून, साडेपंधरा. पहिला आणि सातवा सारखा आला तेव्हा मी खालून बाहेर निघालो. गाडी सुरू केली, क्लच दाबून पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला, आवाज नाही. नुसता खट्.

मामांना सांगितलं, "आज निकाल धरू नका, उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी मी येईपर्यंत कोणी पेडलला पाय लावू नका." भोसरीला जायच्या आधी साडेसहाला गेलो, पट्टी लावली, रात्रभर उभ्या गाडीचा पहिला दाब, साडेपंधरा. मग डबीवर मार्करने तेलाच्या पातळीची बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली.

दिवाळीत मामा बोपदेव घाटाने सासवडला जाऊन आले, भरल्या गाडीने. परत आल्यावर मी खाली शिरून बूट मागे सरकवला, आतून कोरडा. मामी टॉर्च धरून उभ्या होत्या, त्यांनीच आधी बॉनेटमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "रेघेवरच आहे."